शेल्टी घरात आणण्यापूर्वी: दिवसभर घरी कोण असते?

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी इंदूरच्या सुदामानगरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या आणि त्यांचे यजमान सकाळी साडेनऊला कामावर निघतात व सातच्या सुमारास परततात. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा, आणि दिवसभर घरी असतात त्या ७२ वर्षांच्या सासूबाई. मुलीच्या हट्टापायी शेटलंड शीपडॉग, म्हणजे शेल्टी, या जातीचे पिल्लू घेण्याचा विचार चालू आहे. शहराबाहेरील एक विक्रेता निळसर ठिपक्यांचे, ५ आठवड्यांचे पिल्लू द्यायला तयार आहे. या कुत्र्याचा स्वभाव कसा असतो, इंदूरच्या उन्हात तो राहू शकेल का, आणि तो फार भुंकतो असे म्हणतात ते खरे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि गेली २६ वर्षे इंदूरमध्ये पाळीव प्राण्यांवर उपचार करते आहे. शेल्टी आपल्याकडे विरळाच. तरीही जे थोडे माझ्याकडे आले, ते बहुतेक पिल्लूपणापासून म्हातारपणापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर होते. त्या अनुभवावरून सांगते की, आपण ज्या उन्हाची काळजी करीत आहात त्याची तजवीज करता येते. या कुत्र्याला दिवसभर एकटे वाटू नये याची तजवीज मात्र पैशाने होत नाही, आणि आपल्या घरापुरता खरा प्रश्न तोच आहे.

होळकरांच्या या गावात मेंढपाळी कोणाला समजावून सांगावी लागू नये. पण आपल्या मनात धनगराचा जो कुत्रा आहे, तो कळप राखणारा कुत्रा आहे. मारवाडातून दरवर्षी मेंढ्या घेऊन माळव्यात उतरणाऱ्या राईकांच्या तांड्यांबरोबर जे कुत्रे दिसतात, तेही राखणेच. लांडगा आला तर त्याच्यावर जायचे, एरवी मेंढ्यांमध्ये पडून राहायचे. शेल्टी हा मेंढ्या वळणारा कुत्रा आहे, आणि वळणे व राखणे ही दोन अगदी वेगळ्या स्वभावाची कामे आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर शेतकऱ्यांच्या जमिनी लहान, कुंपणे नसलेली, आणि मेंढ्या मोकाट. घराभोवतीच्या पिकात मेंढरू शिरले की धावत जाऊन, भुंकून त्याला बाहेर काढायचे, हे या छोट्या कुत्र्याचे काम. बॉर्डर कॉली, हाही मेंढ्या वळणाराच कुत्रा, मेंढीला नजरेने रोखून धरतो. शेल्टी आवाजाने आणि चपळाईने हलवतो. १९०८ मध्ये लर्विक गावी या जातीची पहिली संस्था निघाली, १९०९ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, या जातीला ‘शेटलंड कॉली’ म्हणून मान्यता दिली, आणि कॉली पाळणाऱ्यांनी हरकत घेतल्यामुळे १९१४ मध्ये नाव बदलून शेटलंड शीपडॉग झाले. आजही अनेक विक्रेते त्याला ‘मिनी कॉली’ म्हणून विकतात. ते चूक आहे. कॉलीशी त्याचे रक्ताचे नाते आहे, पण तो कॉलीची लहान आवृत्ती नाही. खांद्यापाशी उंची साधारण ३५ ते ३७ सेंटिमीटर, वजन बहुधा ७ ते ११ किलो, आणि आयुष्य १२ ते १४ वर्षे.

आता स्वभाव. रामबागेतल्या एका जुन्या घरात चिमी नावाची शेल्टी मादी होती. तिला तपासायला मी घरी जात असे, कारण दवाखान्यात ती थरथर कापायची. त्या घरात दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. तीन नातवंडे दिवाणखान्यात बसलेली असली की चिमी गालिच्यावर डोके टेकून पडलेली असे. त्यांतले एक पाणी प्यायला आत गेले की ती उठायची, उंबरठ्यापाशी जाऊन आत डोकावायची, आणि तिथेच, दोन्ही खोल्या दिसतील अशा जागी बसून राहायची. मूल परत आले की तीही परत आपल्या जागी. हे तिला कोणी शिकवले नव्हते. आपली माणसे कुठे आहेत याची नोंद ठेवणे हीच तिची नोकरी होती, आणि ती नोकरी करायला मिळाली की ती शांत असे. शेल्टी ज्याला आपला मानतो त्याच्या चेहऱ्याकडे, चालीकडे, आवाजाच्या चढउताराकडे सतत लक्ष ठेवतो. घरात दोन माणसांचे भांडण झाले तर तो पलंगाखाली जाऊन बसतो. त्याच्यावर ओरडले, हात उगारला, तर तो ‘सुधारत’ नाही. तो मिटतो, आणि मिटलेला शेल्टी पुन्हा उमलायला महिने लागतात. परक्यांशी तो अंतर राखून असतो. पाहुण्यांनी येताक्षणी वाकून कुरवाळलेले त्याला आवडेल, ही अपेक्षा ठेवू नये. त्याला पाच-दहा मिनिटे दुरून वास घेऊ द्यावा, मग तो आपण होऊन येतो. मात्र हे अंतर राखणे निराळे आणि भित्रेपणा निराळा. भित्रेपणा बव्हंशी ३ ते १४ आठवड्यांच्या काळात पिल्लाने काय पाहिले, काय ऐकले, कोणाच्या हातात ते वाढले, यावर ठरतो, आणि म्हणूनच गोदामासारख्या जागेत वाढवलेले पिल्लू मी कोणालाही घेऊ देत नाही.

भुंकण्याविषयी आपण ऐकलेत ते खरे आहे. हालचाल दिसली की सांगायचे, हेच त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले असल्यामुळे भाजीवाल्याची हातगाडी, कचरागाडीचे गाणे, जिन्यावरची पावले, सामान पोहोचवणारा मुलगा, समोरच्या गच्चीवरची कबुतरे, या सगळ्यांची वर्दी तो देणारच. आवाज लहान असला तरी तीक्ष्ण असतो आणि भिंतीपलीकडे जातो. भुंकणे पूर्ण बंद करण्याचे आश्वासन कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. ते आटोक्यात आणता येते, एवढेच. त्याच चिमीच्या घरी संध्याकाळच्या आरतीला फार अडचण व्हायची. घंटा वाजायच्याही आधी, कापराच्या डबीचे झाकण उघडल्याचा बारीकसा आवाज आला की ती भुंकू लागे, आणि सगळे जण तिला गप्प करण्यासाठी ओरडत. आपण ओरडलो की कुत्र्याला वाटते, हेही आपल्याबरोबर भुंकत आहेत. आम्ही ठरवले की डबीचे झाकण वाजले की तिच्या सतरंजीवर उकडलेल्या गाजराचा एक तुकडा ठेवायचा आणि तिला तिकडे बोलवायचे. आधी आरती न करता, दिवसातून दहा वेळा नुसते झाकण वाजवून. तीन आठवड्यांनी झाकण वाजले की ती आपण होऊन सतरंजीवर जाऊन बसू लागली. आपल्या घरात हाच उपाय दाराच्या घंटीसाठी करावा लागेल. शिवाय रस्त्याकडच्या बाल्कनीच्या कठड्याला खालचे अडीच-तीन फूट अपारदर्शक पत्रा किंवा जाड कापड लावून घ्यावे. त्यामुळे खालची वाहने दिसत नाहीत, आणि गजांमधून पिल्लू निसटण्याचा धोकाही जातो.

एक गोष्ट इंदूरच्या मराठी घरांसाठी मुद्दाम सांगते. शेल्टी शब्द फार लवकर शिकतो, पण आपल्या घरांत शब्द दोन भाषांचे असतात. सासूबाई ‘बस’ म्हणतात तेव्हा खाली बसायचे असते. कामाला येणारी बाई ‘बस, बस’ म्हणते तेव्हा हिंदीत ‘पुरे’ असे सांगायचे असते. मुले शाळेतले ‘सिट’ वापरतात. एकाच शब्दाला दोन अर्थ लागले की हा हुशार कुत्रा गोंधळतो, आणि गोंधळला की भुंकतो. बसण्यासाठी एक, थांबण्यासाठी एक, जवळ येण्यासाठी एक, असे शब्द घरातल्या सर्वांनी मिळून ठरवून फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा, आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही ते सांगा.

मुलांशी त्याचे छान जमते, पण आपला ५ वर्षांचा मुलगा पळू लागला की तो त्याला वळायला धावेल, भोवती फेऱ्या घालील, आणि कधी टाचेपाशी हलकासा दातही लावील. हा राग नव्हे. तरीही तो चालवून घेऊ नये. पहिले वर्षभर मुलगा आणि कुत्रा घरात मोकळे असतील तेव्हा मोठे माणूस तिथे असावे, आणि धावाधाव सुरू झाली की कुत्र्याला बोलावून त्याच्या तोंडात खेळणे द्यावे. हीच ओढ रस्त्यावर स्कूटर आणि सायकलींच्या मागे लागण्यात दिसते, म्हणून पट्ट्याशिवाय त्याला रस्त्यावर कधीही सोडू नये, कितीही शिकलेला असला तरी.

उन्हाबद्दल आता सविस्तर लिहिते. शेटलंडला भर उन्हाळ्यातही दिवसाचे तापमान १५ अंशांच्या आसपास असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग थंड करतो. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात, पाणी पुरेसे असेल आणि हवा खेळती असेल, तर तो निभावून नेतो, आणि माळव्याच्या रात्री ग्वाल्हेरसारख्या तापत नाहीत हे आपले भाग्य. एप्रिल-मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर त्याला पुरतो, फक्त खिडकी थोडी उघडी ठेवली पाहिजे. जून संपता संपता हवेत दमटपणा आला की तोच कूलर निरुपयोगी होतो, खोली अधिकच कोंदट होते, आणि माझ्याकडे उष्माघाताचे जे कुत्रे येतात त्यांतले बरेचसे मे महिन्यात नव्हे, तर पहिल्या सरीनंतरच्या उमसीत येतात. त्या दिवसांत पंखा आणि फरशी, आणि शक्य असेल तर दुपारी दोन-तीन तास वातानुकूलन हवे. आपण तिसऱ्या मजल्यावर राहता. वर गच्चीच असेल तर स्लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेला राहतो, हेही लक्षात घ्यावे.

फिरायला उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर न्यावे. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होत नाही. कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की आतडी, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडू लागते. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती, अशी लक्षणे दिसली तर घरातच नळाचे पाणी पोट, काखा, जांघा आणि पाय यांवर भरपूर ओतत राहा, वरून पंख्याचा वारा द्या, आणि मग लगेच दवाखान्यात निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आतच अडवतो.

उन्हाळा आला की लोक या कुत्र्याला मशीन लावून भादरून आणतात. कृपया असे करू नका. वरचा राठ, लांब केसांचा थर आणि आतला लोकरीसारखा मऊ थर मिळून त्याच्या त्वचेला उन्हापासून वाचवतात, आणि भादरल्यावर केस पुष्कळदा पूर्ववत येत नाहीत. मऊ थर आधी वाढतो आणि अंगावर नमदा चढतो. करायचे असते ते इतकेच की आतला गळणारा थर विंचरून काढायचा. आठवड्यातून दोनदा, केसांचे पदर हाताने वर उचलून मुळापासून विंचरावे. कानांमागे, काखेत आणि मांड्यांमागच्या झालरीत गुंते आधी होतात. वर्षातून साधारण दोनदा केस इतके गळतात की रोज विंचरावे लागते. पंज्यांखालचे केस कापले तर चालतात. पावसाळ्यात भिजला तर वरवर पुसून भागत नाही, त्वचेपर्यंत कोरडा करावा लागतो, नाहीतर ओल राहून तिथे चिघळते.

आणि हीच झूल गोचिडांना लपवते. इंदूरमध्ये गोचीडताप ही वर्षभराची डोकेदुखी आहे, म्हणून विंचरताना बोटांच्या टोकांनी कान, मान, बोटांच्या बेचक्या चाचपून पाहाव्यात. इथे मला या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय गोष्ट सांगायची आहे. आयव्हरमेक्टिन नावाचे औषध आपल्याकडे गोचीड आणि लूत यांसाठी सर्रास टोचले जाते. कॉली व त्याच्या नात्यातल्या जातींमध्ये काही कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो. मेंदूत शिरू पाहणारी काही औषधे बाहेर फेकणारा पंप या दोषामुळे काम करीत नाही, आणि औषध मेंदूत साचते. कॉलींमध्ये हे प्रमाण सुमारे ७० टक्के, शेल्टींमध्ये सुमारे १५ टक्के मानले जाते. हृदयातील जंत टाळण्यासाठीची, दर किलोमागे ६ मायक्रोग्रॅम इतकी मात्रा अशा कुत्र्यांनाही चालते. लुतीसाठी दिली जाणारी ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा जिवावर बेतते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी मी एका शेल्टीला लुतीसाठी हे इंजेक्शन दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला माझ्याकडे उचलून आणले तेव्हा त्याच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, हाक मारली तर मान हलत नव्हती, आणि लाळेने छाती भिजली होती. या विषबाधेला नेमका उतारा नाही. सलाइन, डोळ्यांत मलम, दर तीन तासांनी कूस बदलणे, अंग गार पडू न देणे, एवढेच हातात असते. पाचव्या दिवशी त्याने शेपटी हलवली. तो वाचला, पण ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून शेल्टी किंवा त्याच्यासारखा दिसणारा कोणताही कुत्रा टेबलावर आला की मी आधी हा दोष गृहीत धरते. आपण पिल्लू घेतलेत तर गालाच्या आतल्या भागाचा किंवा रक्ताचा नमुना देऊन ही तपासणी करून घ्या. अहवाल येईपर्यंत फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत ‘आयव्हरमेक्टिन नाही’ असे लिहून ठेवा, आणि जुलाब थांबवायला घरातली लोपेरामाइडची गोळी कधीही देऊ नका. तीही अशा कुत्र्यांना बाधते. गोचिडांसाठी आता दुसऱ्या वर्गाची, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी द्यायची तोंडावाटेची औषधे मिळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीत, आणि कुत्र्याला कधी फेफरे आले असेल तर ते आधी सांगावे.

खाण्याविषयी थोडक्यात: दूध-पोळी हा या कुत्र्याचा आहार नव्हे. शेल्टींमध्ये रक्तातली चरबी वाढण्याची आणि पित्ताशयात घट्ट चिकट पदार्थ साचण्याची प्रवृत्ती दिसते, म्हणून तूप, शेव, मिठाई, तळण पूर्ण वर्ज्य. पोह्यांतला कांदा आणि प्रसादातले बेदाणे विषारी असतात, हे सासूबाईंना आवर्जून सांगावे. अंगावरच्या केसांमुळे लठ्ठपणा दिसत नाही, तेव्हा दरमहा वजन करावे.

आपल्याला देऊ केलेले पिल्लू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि ५ आठवड्यांचे पिल्लू आईपासून तोडले की दात किती जोराने लावायचा हे शिकण्याचे तिच्याजवळचे दिवस हुकतात. दुसरे म्हणजे तो निळसर ठिपक्यांचा रंग, ज्याला ब्लू मर्ल म्हणतात. रंग वाईट नाही, पण आई आणि बाप दोघेही मर्ल असतील तर प्रत्येक पिल्लात दोन्हीकडून तो जनुक येण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशी पिल्ले बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. विक्रेत्याने आई-बाप दोघेही दाखवले पाहिजेत. तो टाळत असेल तर विषय तिथेच संपवावा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपण आणि आपले यजमान दिवसाचे साडेनऊ तास घराबाहेर आहात, मुले शाळेत आहेत. शेल्टीला रोज मिळून तासभर चालणे आणि दोनदा दहा-पंधरा मिनिटे डोक्याला काम, म्हणजे वस्तू शोधणे, नवा शब्द शिकणे, एवढे आपण सकाळ-संध्याकाळ देऊ शकाल. पण मधला सगळा वेळ तो ज्यांच्या मागे मागे फिरेल, ज्यांच्या दुपारच्या झोपेत दाराच्या घंटीवर भुंकेल, ज्यांच्या देवघराच्या उंबऱ्यावर बसेल, त्या सासूबाई आहेत. आपल्या पत्रात त्यांच्या वयाचा उल्लेख आहे, त्यांच्या इच्छेचा नाही. मुलीचा हट्ट आपण पुरवाल, पण कुत्रा प्रत्यक्षात त्यांचा होईल. त्यांना सोवळ्याचे काय वाटते, गुडघे कसे आहेत, पायांत घुटमळणाऱ्या कुत्र्यामुळे तोल जाण्याची भीती आहे का, हे त्यांच्याशी निवांत बसून, मुले समोर नसताना बोला. त्यांनी मनापासून हो म्हटले तर या जातीइतकी सोबत दुसरी क्वचितच मिळेल. रामबागेतल्या त्या घरातल्या आजी एकट्या पडल्यावर चिमीनेच त्यांना सांभाळले, हे मी पाहिले आहे. त्यांनी केवळ संकोचाने मान डोलावली तर थांबावे, आणि मुलीसाठी एखादा शांत, प्रौढ देशी कुत्रा दत्तक घेण्याचा विचार करावा.

होकार मिळाला तर पिल्लू तुळशीच्या लग्नानंतर, फटाके आटोपल्यावर आणावे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आलेल्या ८-९ आठवड्यांच्या पिल्लाला थंडीचे तीन महिने मिळतात. त्या काळात लसी पूर्ण होतात, आणि त्या पूर्ण होईपर्यंत त्याला जमिनीवर न सोडता, कडेवर घेऊन रस्ता, गर्दी, ढोलाचा दूरचा आवाज यांची ओळख करून देता येते, म्हणजे रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी ते पलंगाखाली कापत बसणार नाही. तिन्ही मजले त्याला पहिले काही महिने उचलूनच चढवावे-उतरवावे. ते काम सासूबाईंकडे येऊ नये, आणि पहिले आठ दिवस आपणा दोघांपैकी एकाने रजा काढून घरी राहावे.